गुपित राखणारे कॅप्टन सामंत

मुलांनो, नौदलाची लढाई कुठं होते, असं विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल, ‘समुद्रावर!’ आणि ते बरोबरच आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदरावर हल्ला चढवला. म्हणून तर दर वर्षी ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो. त्याच युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजानं बंगालच्या उपसागरात केलेला पराक्रमही तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल.

पण त्याच वर्षी आपल्या नौदलाची आणखी एक लढाई चालू होती. ती समुद्रावर नव्हती, नद्यांमध्ये होती. सुरुवातीला तर तिथं एकही युद्धनौका नव्हती. होती ती पोहणारी मुलं, पंचे, सुरे आणि रेडिओवरची दोन गाणी! युद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं या लढाईबद्दल उघडपणे फारसं कुणी बोललं नाही, कारण ती गुप्त होती. तिची सूत्रं ज्यांच्या हाती होती, त्या मोहन नारायण राव सामंत या अधिकाऱ्यांची ओळख आज आपण करून घेऊ. ते निवृत्त झाले तेव्हा कॅप्टन होते. १९७१ मध्ये मात्र ते कमांडर होते. नौदलातला कमांडर म्हणजे लष्करातल्या लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा, बरं का!

पाण्याखालचं घर

सामंत होते पाणबुडीवाले. आपल्या नौदलाकडे १९६७ पर्यंत एकही पाणबुडी नव्हती. त्या वर्षी ८ डिसेंबरला ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. मागोमाग ‘खांदेरी’ आली आणि ४ सप्टेंबर १९६९ रोजी ‘करंज’ आली. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात ‘करंज’वर तिरंगा चढला, तेव्हा तिचे पहिले कप्तान होते कमांडर सामंत.

ही पाणबुडी सुमारे ९१ मीटर लांब होती आणि तिच्यात पंचाहत्तरच्या आसपास माणसं राहत. ऐकायला लांबी मोठी वाटते, पण आतली बहुतेक जागा इंजिनं, बॅटऱ्या आणि पाणतीर यांनीच भरलेली असते. माणसानं उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून राहायचं. अंघोळीला गोडं पाणी नाही, खिडकी नाही, दिवस की रात्र तेही घड्याळात बघूनच कळायचं. त्यातून सुएझ कालवा तेव्हा बंद होता. त्यामुळे रिगाहून भारतात यायचं तर सबंध आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागे!

पाणबुडीचं खरं बळ कशात असतं? ती कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, यात. आवाज केला की घात झालाच म्हणून समजा. म्हणूनच पाणबुडीवाल्यांना गप्प राहून काम करायची सवय लागते. ही सवय सामंतांना पुढं फार उपयोगी पडणार होती.

शेजारी आग लागली

त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग होते. एक आपल्या पश्चिमेला, दुसरा पूर्वेला, आणि मधे आपला अख्खा देश! पूर्वेकडचे लोक बंगाली बोलणारे. निवडणूक त्यांच्या पक्षानं जिंकली होती, तरी राज्य त्यांच्या हाती द्यायला पश्चिमेकडचे सत्ताधारी तयार नव्हते. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाका शहरात गोळीबार सुरू केला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांनाही त्यांनी सोडलं नाही. घाबरलेले लोक मुलाबाळांना घेऊन सरहद्द ओलांडू लागले. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी माणसं भारतात आश्रयाला आली. एक कोटी! त्यांना जेवू कोण घालणार, ठेवायचं कुठं, औषधपाणी कोण बघणार?

ढाक्याच्या या बातमीनं दूर फ्रान्समध्येही काही जणांची झोप उडवली. तिथल्या तूलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मांग्रो’ ही नवी पाणबुडी होती आणि तिच्यावर काही बंगाली नौसैनिक काम करत होते. घरची माणसं तिकडे संकटात आणि आपण इथं त्याच लष्कराच्या चाकरीत! त्यांनी कुणाला पत्ता लागू न देता पाणबुडी सोडली. पकडले गेले असते तर देहान्ताची शिक्षा ठरलेली होती. त्यांच्यातले आठ जण स्पेनमार्गे भारतात येऊन पोचले.

आता नदीच्या लढाईला माणसं मिळाली. पूर्व बंगाल म्हणजे नद्यांचा देश. रस्ते कमी, पूल कमी. सैन्याची रसद, दारूगोळा, तेल, धान्य हे सगळं यायचं ते जहाजांतून. जहाजं थांबली की सैन्याचा श्वास कोंडणार! नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय यांनी ही योजना हाती घेतली आणि ती प्रत्यक्षात उतरवायची जबाबदारी आली कमांडर सामंत यांच्यावर.

पलाशीचं शिबिर

इतिहासाच्या पुस्तकात १७५७ ची प्लासीची लढाई आहे ना? तेच हे पलाशी. पश्चिम बंगालमध्ये भागीरथी नदीच्या काठी. १९७१ च्या मे महिन्यात तिथं एक शिबिर सुरू झालं. निर्वासितांच्या छावण्यांमधून तरुण मुलं निवडून आणली गेली. कुणी कॉलेजात शिकणारा, कुणी शेतकऱ्याचा मुलगा, कुणी मासेमाराचा. कितीतरी जणांना तर मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पण नदीकाठी वाढलेली ती पोरं माशासारखी पोहत.

नुसतं पोहता येऊन भागणार नव्हतं. पोटाला विटा बांधून पोहायचं. तासन् तास पोहायचं. रात्री, अंधारात, पाण्याचा जराही आवाज न करता पोहायचं. नाकतोंड तेवढं पाण्याबाहेर ठेवून उताणं पोहायचं. आपले लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस आणि इतर नौदल प्रशिक्षक त्यांच्याकडून हे रोज करून घेत. फ्रान्सहून आलेले ते आठ पाणबुडीवाले या मुलांचे दादा आणि पुढारी झाले.

त्यांचं हत्यार होतं लिंपेट सुरुंग. लिंपेट ही समुद्रातली एक गोगलगाय. ती खडकाला अशी घट्ट चिकटते की ओढूनही सुटत नाही. या सुरुंगालाही लोहचुंबक असतात, म्हणून त्याला तिचं नाव. पाण्याखाली जाऊन जहाजाच्या पोलादी बुडाला तो चिकटवायचा. पण बुडावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असतो, त्यावर चुंबक धरत नाही. म्हणून आधी सुऱ्यानं तेवढा भाग खरवडून घ्यायचा, मग सुरुंग लावायचा आणि शक्य तितक्या लवकर लांब निघून जायचं.

सुरुंगात एक विरघळणारी गोळी असे. ती पाण्यात हळूहळू विरघळली की आतली कळ सुटून स्फोट होई. तोवर पोहणारा लांब गेलेला असला पाहिजे. मात्र जहाजापाशी पोचायच्या आधीच गोळी भिजू नये म्हणून तिच्यावर रबराचं आवरण चढवत. आणि हा जड सुरुंग न्यायचा कसा? तर छातीशी पंच्यानं बांधून!

विचार करा, पालकांनीही करावा. आपण तयार केलेली ही मुलं उद्या शत्रूच्या बंदरात जाणार. ना अंगावर गणवेश, ना पाठीशी सैन्य. भारत आणि पाकिस्तान यांच्यात तेव्हा युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. त्यामुळे मुलं पकडली गेली तर ‘ही आमची’ असं उघडपणे म्हणायचीही सोय नव्हती. शिकवणाऱ्यांच्या हाती एवढंच होतं, की शिकवण्यात कसूर ठेवायची नाही.

दोन गाणी

ऑगस्ट महिना उजाडला. हल्ल्यासाठी चार बंदरं ठरली. चितगाव आणि मोंगला ही समुद्राकडची मोठी बंदरं, चांदपूर आणि नारायणगंज ही आतली, नदीवरची. चार तुकड्या पायी, होडीनं, गावकऱ्यांच्या घरांत लपत आपापल्या ठिकाणाकडे निघाल्या. चितगावच्या तुकडीचे पुढारी होते ‘मांग्रो’ सोडून आलेले ए. डब्ल्यू. चौधुरी.

अडचण एकच होती. चारही ठिकाणी एकाच रात्री हल्ला व्हायला हवा, नाहीतर एका बंदरात धमाका झाला की बाकीची सावध होणार. पण इतक्या लांब पसरलेल्या तुकड्यांना ‘आज रात्री’ असं कळवायचं कसं? तेव्हा मोबाइल फोन नव्हते आणि बिनतारी यंत्र वापरलं तर शत्रू ऐकणार.

यावर तोडगा निघाला तो असा. तुकडीच्या पुढाऱ्याकडे साधा ट्रान्झिस्टर द्यायचा. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर ठरलेल्या वेळी पंकज मलिक यांनी गायलेलं एक ठरावीक गाणं लागलं की समजायचं, तयारीला लागा. नंतर संध्या मुखोपाध्याय यांचं एक गाणं लागेल. बाहुली पहिल्यांदाच सासरी निघाली आहे, असं ते गोड गाणं. ते लागलं की हल्ला! लाखो लोकांनी ती गाणी ऐकली असतील. कुणी स्वयंपाक करता करता, कुणी चहा पिता पिता. शत्रूच्या अधिकाऱ्यांच्याही कानांवर ती पडली असतील. पण त्यांचा खरा अर्थ फक्त मोजक्या माणसांना ठाऊक होता.

१५ ऑगस्टच्या रात्री मुलं पाण्यात उतरली. मध्यरात्र उलटून गेल्यावर चितगावच्या कर्णफुली नदीत स्फोटांमागून स्फोट झाले. ‘अल-अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ ही दोन मोठी जहाजं बुडाली. त्याच रात्री मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथंही जहाजं आणि बोटी फुटल्या. ‘पूर्व पाकिस्तानात सगळं कसं शांत आहे’ असं जगाला सांगितलं जात होतं. ते खोटं आहे हे एका रात्रीत उघड झालं! पुढं महिनोन् महिने असे हल्ले होत राहिले आणि त्या बंदरांत यायला परदेशी जहाजं कचरू लागली. काही मुलं मात्र परत आली नाहीत.

पद्मा, पलाश आणि पनवेल

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध उघडपणे सुरू झालं. आता सामंत स्वतः बोटींचा ताफा घेऊन निघाले. ताफ्याचं नाव होतं ‘फोर्स अल्फा’. त्यात चार बोटी होत्या. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मुळात कोलकाता बंदरातल्या साध्या बोटी. त्यांच्यावर तोफा बसवल्या होत्या आणि त्यांच्यावर बांगलादेशचे नौसैनिक होते. पद्मा म्हणजे तिथली मोठी नदी आणि पलाश म्हणजे आपला पळस. तिसरी ‘चित्रांगदा’, सीमा सुरक्षा दलाची. आणि चौथी आपल्या नौदलाची ‘पनवेल’. हो, आपलं रायगड जिल्ह्यातलं पनवेल! तिचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा.

ताफा सुंदरबनातून निघाला. सुंदरबन म्हणजे खाड्यांचं जाळं. कुठला फाटा कुठं जातो कळत नाही, पाणी कधी खोल तर कधी बोट गाळात रुतेल इतकं उथळ. अशा अनोळखी वाटेनं सामंतांनी बोटी नेल्या आणि १० डिसेंबरच्या सकाळी मोंगला बंदर गाठलं. शत्रूला या बाजूनं कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. मोंगला हाती आलं. ‘चित्रांगदा’ तिथं ठेवून बाकीच्या तिघी नदीनं वर, खुलना शहराकडे निघाल्या. तिथं पाकिस्तानी नौदलाचा तळ होता.

दुपारच्या सुमारास खुलना जवळ आलं आणि आकाशात विमानं दिसली. ती शत्रूची नव्हती, आपल्याच हवाई दलाची नॅट विमानं होती. आपल्या बोटी ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या वरच्या भागाला पिवळा रंग दिलेला होता. तरीही घात झाला. या शत्रूच्याच बोटी, असं समजून विमानांनी हल्ला केला. ‘पद्मा’वर आघात झाला. मग ‘पलाश’वर. बोटी पेटल्या.

मुलांनो, युद्धाच्या गोष्टींत असे प्रसंग बहुधा सांगत नाहीत. पण ते घडतात आणि म्हणूनच सांगायला हवेत. युद्ध म्हणजे विजयाची मिरवणूक नसते. धूर, घाई आणि गोंधळ यांत आपलाच हात आपल्या माणसावर पडू शकतो.

‘पलाश’च्या इंजिनघरात मोहम्मद रुहुल अमीन नावाचे बांगलादेशी तंत्रज्ञ होते. बोट सोडा, असा हुकूम सुटला. रुहुल अमीन मात्र इंजिन वाचवायला आतच थांबले. बोट वाचली नाही. जखमी अवस्थेत ते कसेबसे रूपशा नदीच्या काठाला लागले, तर तिथं शत्रूच्या साथीदारांनी त्यांना ठार केलं. पुढं बांगलादेशानं त्यांना ‘वीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. हा सन्मान मिळालेले सगळे मिळून सातच जण आहेत.

आता सामंतांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ताफ्यातल्या दोन बोटी गेलेल्या. जवळ ‘पनवेल’ एवढीच उरलेली. समोर शत्रूचं बंदर आणि काठावरून गोळीबार. मागं फिरून निघून गेलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण नदीत माणसं होती. पोळलेली, रक्तानं माखलेली, लाकडाच्या तुकड्याला धरून तरंगणारी. सामंत आणि नोरोन्हा हटले नाहीत. ‘पनवेल’च्या तोफा काठावरच्या शत्रूला उत्तर देत राहिल्या आणि पाण्यातल्या माणसांना बाहेर काढून सुखरूप जागी नेण्यात आलं. त्यांतले कितीतरी जण गंभीर जखमी होते.

या कामगिरीबद्दल सामंत आणि नोरोन्हा या दोघांनाही महावीर चक्र मिळालं. रणांगणावरच्या शौर्यासाठी परमवीर चक्रानंतर याच सन्मानाचा मान आहे. शत्रूच्या बंदरात घुसणं हे धाडस खरंच. पण डाव उलटल्यावर, चूक कुणाची हे विचारत न बसता आधी आपली माणसं गोळा करणं, याला धाडसाइतकीच माया लागते आणि डोकंही थंड लागतं.

चाळीस वर्षांहून जास्त काळ

१६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. नव्या देशाला नवं नौदल उभारायचं होतं. त्याच्या प्रमुखपदी सुरुवातीला नेमणूक झाली ती सामंतांची. एका देशाच्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या देशाच्या नौदलाची पहिली घडी बसवून द्यायची, असा मान किती जणांना मिळतो?

एवढं सगळं करून सामंत गप्प राहिले. त्यांच्या नावाभोवती कधी फारसा गाजावाजा झाला नाही. गुप्त मोहिमेची गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटायचं नाही, हा नियमच असतो. शेवटी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्याबरोबर त्यांनी ‘ऑपरेशन एक्स’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. २०१९ च्या मार्चमध्ये सामंतांचं निधन झालं आणि त्याच वर्षी पुस्तक वाचकांच्या हाती आलं. पलाशीच्या त्या मुलांची हकीकत त्यात सविस्तर आली आहे.

आणि ‘करंज’? ती पाणबुडी २००३ मध्ये निवृत्त झाली. पण नौदलात जुन्या जहाजाचं नाव नव्या जहाजाला देण्याची छान पद्धत आहे. १० मार्च २०२१ ला मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘करंज’ नौदलात आली. त्या समारंभाचे प्रमुख पाहुणे होते अॅडमिरल विष्णू शेखावत. जुन्या ‘करंज’च्या पहिल्या तुकडीत ते सामंतांच्या हाताखाली होते आणि १९७१ च्या युद्धात त्याच पाणबुडीचे कप्तान होते. पुढं ते नौदलप्रमुखही झाले.

आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं, ॲटलास उघडा आणि कोलकाता, पलाशी, सुंदरबन, मोंगला, खुलना, चांदपूर, नारायणगंज आणि चितगाव शोधा. वहीत नकाशा काढून नद्या निळ्या पेन्सिलीनं रंगवा. मग लक्षात येईल, रस्त्यांपेक्षा तिथं पाण्याच्याच रेघा किती जास्त आहेत! दुसरं काम, घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा, ‘१९७१ च्या डिसेंबरात तुम्ही कुठं होता?’ रात्रीचा ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद, कानाशी धरलेला रेडिओ, असं पुष्कळ काही त्यांना आठवेल. ते ऐका आणि लिहून ठेवा. कुणी विचारलं नाही, म्हणून कितीतरी माणसांच्या गोष्टी त्यांच्यापाशीच राहून जातात.